शनिवारच्या हल्ल्याआधी गावाचा बंदोबस्त

मंडळी, आपल्या लिहून खेळायच्या भूमिकांच्या खेळात शनिवारी रात्री 9 वाजता ऑर्कांची (कथांमधल्या राक्षसी लढवय्यांची) टोळी गावावर चालून येतेय. आपलं पात्र कुठे उभं राहणार ते प्रत्येकाने शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवा. जे कळवणार नाहीत त्यांची पात्रं गढीत म्हातारे-पोरांसोबत बसलीत असं धरू.

- उत्तरेचा लाकडी तट: सगळ्यात कच्चा. पेटत्या बाणांचा मारा इथेच होणार, म्हणून तटावर ओली कातडी टांगायची आहेत. ती वाळली की उपयोग शून्य, त्यामुळे विहिरीपासून बादल्या पोचवायला चार जण हवेत. काम रटाळ आहे, पण गाव त्यावरच टिकेल.
- बुरूज: धनुर्धारी. प्रत्येकी 20 बाण, संपले की संपले.
- नदीकडची बाजू: दोन पहारेकरी पुरेत.

मांत्रिकांनो, अग्निगोळे तटाच्या आत नकोत. छपरं गवताची आहेत!

वार लागला की नाही हे 20 बाजूंचा फासा ठरवेल, तुम्ही नाही. दुसऱ्याच्या पात्राला परस्पर बोलायला लावू नका, मारूही नका. पाळी आल्यावर 10 मिनिटांत चाल लिहा, नाहीतर पाळी पुढच्याकडे जाईल.

वेशीचा दरवाजा कधी लावायचा ते फक्त कोतवाल सांगेल.