मुलाला ब्लड कॅन्सर झाला, तर फवारणीचंही विचारा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स.न.वि.वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. मागच्या साली पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, बोंडं धरत होती, तेव्हा माझ्या जावेच्या चार वर्षांच्या पोराला सारखा ताप येऊ लागला. पाय दुखतात म्हणून चालेना. अंग पांढरंफटक पडलं, कुठं पडला-धडपडला नसताना मांडीवर निळे डाग. एका दवाखान्यात दीड महिना नुसत्या रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. नागपूरला नेलं तेव्हा कळलं, ब्लड कॅन्सर आहे. लहान मुलांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच.

खानदानात कुणाला होता का, हे विचारलं. फवारणीचं कुणीच विचारलं नाही.

दीर वावरातून आला की पंप खाटेखाली सरकवतो, औषधाची बाटली कोनाड्यात. भिजलेला शर्ट अंगावर असतानाच पोरगा गळ्यात पडायचा. तो शर्ट पोराच्या कपड्यांसोबतच धुतला जायचा. जाऊ सहावा महिना लागेपर्यंत निंदायला गेली, बाजूच्या ओळीत फवारा चालू असायचा.

यानंच झालं, असं मी म्हणत नाही. एका पोराचं कारण कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. पण गरोदर आईचा आणि घरातल्या लेकराचा कीटकनाशकांशी संबंध आला, तर हा धोका वाढलेला दिसतो, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. पेट्रोलमधल्या बेंझिननं रक्ताचा कॅन्सर होतो, हे तर सिद्धच आहे. 2017 साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा सरकार धावलं. जे विष हळूहळू भिनतं, त्याची नोंद कोण ठेवतं?

साहेब, मी गरोदर बायांचे, लसीचे, तापाचे रकाने भरते. त्यात हा एक वाढवा. कॅन्सर झालेल्या प्रत्येक मुलामागे गाव, आईचं काम, घरातली फवारणी लिहून घ्या आणि विदर्भातल्या जिल्ह्यांचे आकडे दरवर्षी जाहीर करा. प्रश्न मात्र आमच्या बोलीत हवा. 'कीटकनाशकाचा संपर्क' म्हटलं तर बाया नाही म्हणतील. 'फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता?' असं विचारा, लगेच बोट दाखवतील. आणि गावागावांत या औषधाचे रिकामे डबे गोळा करायची सोय करा. आमच्याकडे ते धुऊन पाण्याला वापरतात.

हा आजार वेळेत ओळखला आणि उपचार पुरते झाले, तर बहुतेक मुलं बरी होतात. आमच्या पोराची केमो अजून दीड वर्ष चालेल. तुमचा फॉर्म आला, की पहिला जावेच्या घरी भरीन.

आपली,
एक आशा, जि. यवतमाळ