जास्वंद मागताना

बडोदे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर कुंपणालगत जास्वंद लावायची म्हणतोस. मग नर्सरीत जाण्याआधी एवढं वाच, कारण या झाडाचं नाव मुलूख बदलला की बदलतं, आणि नावावर विसंबलं की भलतंच रोप घरी येतं.

तुझ्या इंदूरला ते गुडहल, आमच्या बडोद्यात जासूद. संस्कृतात जपा. नवग्रहस्तोत्रात सूर्याला ज्याची उपमा दिली आहे ते जपाकुसुम म्हणजे हेच तांबडंलाल फूल. बंगालीत ते जबा, कालीला वाहतात. पण सगळ्यांत नेमकं नाव तमिळ लोकांनी दिलं: सेंबरुत्ती, म्हणजे तांबडा कापूस. कापूस, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद एकाच कुळातली. भेंडीचं फूल हातात घेऊन बघ. पाच पाकळ्या, मधून निघालेली नळी आणि तिच्या अंगावर पुंकेसर. जास्वंदीत तीच नळी लांब होऊन बाहेर डोकावते. उलट वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली ठेवलेल्या शास्त्रीय नावातल्या ‘रोझा-सायनेन्सिस’चा अर्थ चीनचा गुलाब, आणि गुलाबाशी हिचं काही नातं नाही. इंग्रजीत शू फ्लॉवर म्हणतात, कारण पाकळ्या चामड्यावर चोळल्या की काळी चकाकी येते. मलेशियात ही बुंगा राया, तिथलं राष्ट्रीय फूल.

घोळ होतो तो मंदार या नावाने. तेलुगूत मंदार म्हणजे जास्वंद, आपल्यात मंदार म्हणजे पांढरी रुई. दोन्ही गणपतीला वाहतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून मुलांच्या वाटेवर ती नको. मिरची जास्वंद तर वेगळ्याच प्रजातीची; तिची पाकळी कधी उलगडत नाही, मिरचीसारखी गुंडाळलेलीच राहते. आणि बाजारात हिबिस्कस चहा म्हणून मिळतो तो बहुतेक लाल अंबाडीच्या फुलाखालच्या मांसल लाल आवरणांचा असतो. त्यासाठी जास्वंद लावून उपयोग नाही.

तेव्हा नाव कुठलंही सांग, पण फूल उमललेलं रोप बघूनच उचल. पूजेला हवी असेल तर एकेरी लाल घे. ओळखीच्या घरून काडी मिळाली तर उत्तमच: पेन्सिलीएवढी जाड, १० ते १५ सेंटिमीटर लांब, डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या जागेच्या, लगेच खाली कापलेली. वरची दोन पानं ठेव, बाकीची काढ.

माळव्याच्या काळ्या मातीत पाणी साचतं आणि मुळं कुजतात, म्हणून खड्ड्यात भरड वाळू आणि शेणखत मिसळ, रोप थोडं उंचवट्यावर लाव. कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या दिसल्या तर बहुधा लोह कमी पडलंय. चुनखडीच्या जमिनीत ते मुळांना मिळत नाही. नुसतं शेणखत वाढवून ते भरून येणार नाही, चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना शोषता येईल अशा रूपातलं लोह दे. कळ्या गळत असतील तर आधी पाणी नियमित कर. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की पानामागे पिठ्या ढेकूण शोध. मुंग्या त्यांच्या गोड चिकट्यासाठी येतात आणि त्यांना जपतात. पाण्याच्या जोरदार धारेने ते धुऊन काढ, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवार.

फूल नव्या फुटव्यावरच येतं, म्हणून थंडी सरली की फांद्या एक तृतीयांश छाट.

तुझा,
बडोदेकर मित्र