फ्लोटचं माप पाकिटावर छापा

महोदय,

गेली एकतीस वर्षं मी कराडात दुचाकींचं गॅरेज चालवतो. गेल्या आठवड्यात एक दूधवाले दादा जुनी शंभर सीसीची गाडी ढकलत घेऊन आले. दुसऱ्या एका गॅरेजात त्यांना सांगितलं होतं, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन खोलावं लागेल. ऑइलची काडी बाहेर काढली तर ऑइल खुणेच्या वर, पाण्यासारखं पातळ आणि पेट्रोलचा भपकारा. इंजिन ठणठणीत होतं. दोष होता कार्बोरेटरमध्ये, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या भागात. त्याच्या वाटीत पेट्रोल साठतं. पातळी चढली की त्यावर तरंगणारा फ्लोट आपल्या जिभेने नीडल, म्हणजे टोकदार सुई, सीटच्या भोकात दाबतो आणि पेट्रोल बंद होतं. या नीडलच्या टोकावर घासून गोल खाच पडली होती आणि फ्लोटची पितळी जीभ कुणीतरी पक्कडीने वाकवलेली. रात्रभर कॉक उघडा राहिला की वाटी भरून पेट्रोल इंजिनात उतरायचं. नीडल आणि सीट बदलली, जीभ मापात आणली, ऑइल नवं भरलं. दादा दुसऱ्या दिवशी पहाटे दूध घालायला गेले.

माझं सांगणं या जिभेबद्दल आहे. पोरं ती अंदाजाने वाकवतात. काही तर कार्बोरेटर पूर्ण उलटा धरून माप घेतात. तसं धरलं की फ्लोटच्या वजनाने नीडलची स्प्रिंगची पिन दबते आणि माप चुकतं. गास्केट काढून कार्बोरेटर तिरका धरायचा, जीभ पिनला नुसती टेकली की थांबायचं आणि गास्केटच्या कडेपासून फ्लोटच्या टोकापर्यंत मोजायचं. इथेच सगळे गोंधळतात: हे माप वाढलं की पेट्रोलची पातळी खाली जाते, कमी झालं की वर येते. पातळी वर राहिली तर प्लग काळा, ॲव्हरेज कमी. खाली गेली तर भरधाव असताना गाडी उपाशी पडते. अर्ध्या मिलिमीटरनेही फरक पडतो. खात्री हवी असेल तर वाटीच्या ड्रेनला, म्हणजे पेट्रोल काढून टाकायच्या तोंडाला, पारदर्शक नळी लावावी, ती वाटीशेजारी उभी धरावी आणि गाडी सरळ उभी करून चालू ठेवावी. नळीत पातळी डोळ्यांना दिसते. अखंड प्लास्टिकच्या फ्लोटची जीभ मात्र वाकवू नये, मोडते.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला आणि नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं, म्हणून हे काम आता कुणी मनावर घेत नाही. पण आमच्याकडे वाडीवस्तीवर शेतकरी, गवळी, पोस्टमन अजून जुन्याच गाड्यांवर फिरतात.

गाडी कंपन्यांना आणि सुटे भाग बनवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. नीडल-सीटच्या पाकिटावर त्या कार्बोरेटरचं फ्लोटचं माप मराठीत छापा. एक ओळ पुरे. ही मापं सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात, पण ते इंग्रजीत आणि खेड्यातल्या गॅरेजात असतंच कुठे? आयटीआयच्या शिक्षकांनीही नळी लावून पातळी पाहण्याचं प्रात्यक्षिक प्रत्येक मुलाकडून एकदा तरी करून घ्यावं.

माझ्या गॅरेजच्या भिंतीवर बावीस गाड्यांची मापं रंगाने लिहिलेली आहेत. कुणाही शिकाऊ मुलाने यावं आणि वहीत उतरवून घ्यावीत.

आपला,
एक गॅरेजवाला, कराड