दीड महिन्याच्या लसीला बाळासोबत आईही आलेली असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

५ वर्षांत मेडिकलच्या ७५ हजार जागा वाढवणार असं केंद्राच्या २०२५ च्या बजेटमध्ये जाहीर झालं, आणि तेव्हापासून जिकडे बघावं तिकडे जागा, फी आणि कटऑफ एवढीच चर्चा. आत गेल्यावर पोरं शिकणार काय आणि कोणाकडून, यावर कोणी फारसं बोलत नाही म्हणून हे पत्र. मी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते, बरीचशी नोकरी एएनसी (गरोदर बायकांची) ओपीडी, लेबर रूम आणि पीएनसी (बाळंतिणींच्या) वॉर्डातच गेली, आता रिटायर्ड आहे. सिस्टरला काय कळतंय असं कोणी म्हणेलही, पण नवीन इंटर्नला शीर सापडत नाही तेव्हा सुई कोणाच्या हातात देतात ते सगळ्यांना माहितीये.

मुद्दा असा की बाईचं आरोग्य शिकवायचं म्हटलं की विद्यार्थ्याला गायनॅकला पाठवतात. तिथे तो विचारायला शिकतो, पाळी कधी आली होती, कितवी खेप, आधीचं नॉर्मल का सिझर. हे यायलाच पाहिजे, वादच नाही. पण त्याच बाईला दम लागत असेल तर ती मेडिसिनची, रडू येत असेल तर सायकियाट्रीची, तोंडावर वांग आले तर स्किनची, आणि खोकताना लघवी निसटत असेल तर ती कोणाचीच नाही, कारण ते ती सांगतच नाही आणि कोणी विचारतही नाही. प्रत्येक खिडकीवर वेगळा केसपेपर, आणि सगळे केसपेपर एकत्र ठेवून बघणारा माणूस एकच, ती बाई स्वतः, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत.

एक पेशंट सांगते. पोळ्यांची कामं करणारी, दुसरी खेप, सातवा महिना. दम लागतो म्हणून यायची. एचबी कमी होतंच, लोहाच्या गोळ्या दिल्या. आता आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायकांना रक्त कमी आहे, हे सरकारच्याच पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातलं आहे, म्हणजे कोणाचंही रक्त तपासा, निम्म्या वेळा कमीच निघणार, आणि एकदा ते कमी निघालं की दम कशाने लागतो हा प्रश्न तिथेच मिटतो. ही बाई रात्री आडवी झाली की गुदमरायची, भिंतीला टेकून बसून झोपायची. हे तिने डॉक्टरांना नाही सांगितलं, ॲडमिट झाल्यावर वॉर्डातल्या मावशींना सांगितलं. मावशी आमच्याकडे आल्या, आम्ही रजिस्ट्रारच्या, म्हणजे वॉर्डाच्या निवासी डॉक्टरांच्या, मागे लागलो, मेडिसिनचा कॉल गेला. त्या डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, स्टेथोची बेल लावून ऐकलं आणि लगेच टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लिहिला. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाची झडप अरुंद झालेली. लहानपणी गावाला ताप येऊन सांधे सुजले होते, तेव्हाची देणगी, एरवी खपून गेली असती पण गरोदरपणात अंगातलं रक्त ४०-५० टक्क्यांनी वाढतं आणि तिथे मग झडप तुंबते.

डिलिव्हरीच्या वेळी गायनॅक, मेडिसिन, भूलवाले सगळे हजर होते, सगळं नीट पार पडलं. पण मला लक्षात राहिलाय तो इंटर्न. रात्री मला म्हणाला, सिस्टर ड्रिप एवढी स्लो का ठेवलीये, डिलिव्हरी तर झाली की. मी म्हटलं अरे बाबा, आता तर खरा धोका, गर्भाशय आवळलं की तिथलं रक्त एकदम हृदयाकडे परत येतं, अरुंद झडपेतून ते पुढे जात नाही आणि फुप्फुसात पाणी भरतं, म्हणून पहिले २४ तास डोळ्यात तेल घालून बघायचं. पोरगं हुशार होतं, मायट्रल स्टेनोसिसही पाठ आणि बाळंतपणही पाठ, फक्त दोन्ही एकाच बाईत कोणी कधी दाखवलं नव्हतं.

अभ्यासक्रम तयार करणाऱ्यांना हे कळत नाही असं नाही. २०१९ पासून एमबीबीएसला जो कॉम्पिटन्सी बेस्ड, म्हणजे प्रत्यक्ष काय करता येतं यावर भर देणारा, अभ्यासक्रम आलाय त्यात इंटिग्रेशन, म्हणजे विषय एकत्र जोडून शिकवणं, हा शब्द पानोपानी आहे. पण २०२१ च्या नियमांप्रमाणे इंटर्नशिप बघा, गायनॅक ७ आठवडे, मेडिसिन ६, सायकियाट्री २, आणि फिजिओथेरपीचं म्हणाल तर ऑर्थोच्या २ आठवड्यांत जेवढं होईल तेवढं. प्रत्येक डिपार्टमेंटची सही वेगळी. लॉगबुक भरतं.

नवीन बिल्डिंग, नवीन पोस्ट असलं काही मागायचं नाहीये मला. बाळाला दीड महिन्याची लस असते ना, पेंटा, पोलिओ, रोटा वगैरे, त्याला आपल्याकडच्या बायका न चुकता येतात. स्वतःच्या तपासणीला बोलावलं तर बाळ कोणाकडे ठेवू म्हणून येणार नाहीत, पण बाळाच्या लसीला उन्हातान्हात रिक्षा करून येतील. त्या बाकावर तासभर बसलेली असते ती बाई म्हणजे चालतंबोलतं पुस्तक आहे हो! गरोदरपणात शुगर निघाली होती तर बाळंतपणानंतर ६ आठवड्यांनी परत तपासायची असं सरकारी गाईडलाइनमध्येच लिहिलंय, कारण अशा बायकांना पुढे कायमचा डायबेटिस व्हायचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे लस आणि शुगर एकाच दिवशी, पण बाळाचं कार्ड पीडियाट्रिकवाले बघतात आणि शुगर कोण बघणार तर कोणीच नाही. बीपी वाढलं होतं का, आता किती आहे, त्याचा पुढे हृदयाशी संबंध असतो. टाके, अंगावर पाजताना दुखतं का, पुढचं मूल इतक्यात नको असेल तर काय करणार, झोप लागते का, नुसतं रडू येतं का, बाळाकडे बघावंसं वाटत नाही असं होतं का, शिंकताना कपडे ओले होतात का.

तर लसीकरणाच्या दिवशी गायनॅक, पीडियाट्रिक, मेडिसिन, सायकियाट्री आणि पीएसएम (सार्वजनिक आरोग्य) यांचे विद्यार्थी, सोबत फिजिओची आणि नर्सिंगची पोरं, एकत्र बसवा. एका आईला दोघं, पाऊण तास द्या, मग सगळ्यांनी मिळून केस मांडायची आणि शिक्षकही दोन डिपार्टमेंटचे हवेत. फिजिओच्या मुलीने ओटीपोटाचा व्यायाम करून घेताना एमबीबीएसच्या मुलाने नुसतं बघितलं तरी पुढे आयुष्यभर तो पेशंटला 'बाळंतपणानंतर असं होतंच' म्हणून वाटेला लावणार नाही.

एक गोष्ट मात्र पुस्तकात कुठे नाही. बाई बोलायला लागायला हवी असेल तर सोबत आलेल्यांना बाहेर काढता आलं पाहिजे. सासूबाई स्टुलावर बसून सगळी उत्तरं देतात, झोप लागते का तर लागते की, काय काम आहे तिला. आम्ही काय करायचो, कार्डावर शिक्का राहिलाय, तेवढा पलीकडच्या खिडकीवरून आणता का आई, असं गोड बोलून पाठवायचो. तिथे रांग असतेच. पडदा ओढायचा, बाळ आपण घ्यायचं, आणि तिच्याकडे न बघता विचारायचं, घरी कोणी हात उचलतं का गं. कधी नाही म्हणते, कधी दंड दाखवते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये अशा बायकांसाठी 'दिलासा' केंद्र वीसहून जास्त वर्षं चालू आहे, हॉस्पिटलच्या आतच, म्हणजे हे काम हॉस्पिटलचं नाही असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

हे शिकवणार कोण, तर सिस्टर, मावशी, सोशल वर्कर यांनाही शिक्षक समजा. याच पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू झालं, रमाबाई रानड्यांनी बायकांना नर्सिंगला पाठवलं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. आता नाकं कोणी मुरडत नाही, पण राउंडला सिस्टरने तोंड उघडलं की सर घड्याळ बघतात.

ओपीडीला मरणाची गर्दी असते, वेळ कुठे आहे, हे मला डॉक्टर मंडळी सांगतीलच आणि ते खोटं नाही. म्हणूनच दररोज नको, आठवड्यातून एक दुपार. आणि मार्क ठेवा बाबांनो, मार्क नसले तर पोरं पीजीच्या प्रवेश परीक्षेच्या एमसीक्यू सोडून येणार नाहीत, त्यांना तरी कसा दोष द्यायचा. बीजे-ससून, एएफएमसी, भारती, नवले, पिंपरीचं डी. वाय., आणि २०२२ पासून महापालिकेचंही कॉलेज, एवढी कॉलेजं आहेत आपल्या भागात, कोणीतरी एकाने सहा महिने करून बघावं. पडदा आणि चालू असलेलं बीपीचं मशीन एवढी सोय त्यांनी करावी. आम्ही काही रिटायर्ड सिस्टर फुकट यायला तयार आहोत, फक्त खोली तळमजल्यावर द्या, जिने चढायला गुडघे ऐकत नाहीत.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स, धनकवडी, पुणे