ठाणे बघायचे कुठून?

महोदय,

आपण ठाण्याला ‘तलावांचे शहर’ म्हणतो खरे, पण पाहुण्याला ते चालत बघायचे झाले तर सांगायला घरचा ठाणेकरच सोबत लागतो. माझे मोठे दीर सावंतवाडीला असतात. तिथे हा प्रश्नच येत नाही. गावाच्या मध्यात मोती तलाव, समोर राजवाडा, तिथे गंजिफा (खेळायचे गोल पत्ते) रंगवताना बघायच्या, मग चितारआळीत लाकडी खेळणी. मागच्या महिन्यात ते आमच्याकडे आले आणि ठाणे स्टेशनबाहेर, रिक्षांच्या गराड्यात उभे राहून म्हणाले, “तुमी तळ्यांचा शहर म्हणतास, मगे तळी खंय आसत?”

मासुंदा तलाव तिथून पायी जाण्याइतका जवळ! जांभळी नाक्याच्या बाजारातून वाट काढत गेलो, कोपिनेश्वराचे दर्शन घेतले. ती भलीमोठी पिंडी बघून भाऊजी गप्प झाले (एरवी ते गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत). तलावपाळीला नुसती चक्कर मारली आणि पुढे जेलच्या बाजूला गेलो.

हे कारागृह म्हणजे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला किल्ला. १८१६ साली दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इथूनच इंग्रजांच्या कैदेतून निसटले. म्हणे, खिडकीखाली घोड्याचा मोतद्दार गाणे म्हणत असे, आणि त्या गाण्यातूनच पळून जायचा निरोप पोचला. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी कुठे कळत होते! नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी दिली तीही इथेच, १९ एप्रिल १९१० रोजी. भाऊजींचे पाय तिथून निघेनात. पण एवढे सगळे त्यांना मी सांगितले म्हणून कळले. वाटेत रोषणाई बरीच दिसली, वाचायला मात्र काही सापडले नाही.

माझी मागणी फार खर्चाची नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्याला आली, तिथल्या स्टेशनच्या पश्चिमेला पायी फिरण्याचा एक नकाशा लावावा. जांभळी नाका, कोपिनेश्वर, मासुंदा, जेल, आणि प्रत्येक ठिकाणी दोन-चार ओळींचा मराठी फलक. उपवन, कचराळी हे तलाव नंतर बघता येतील, उपवनला तर रिक्षाच करावी लागते. नकाशात चालायला लागणारी मिनिटे लिहावीत, आणि तो फेरीवाल्यांच्या छत्र्यांमागे झाकला जाणार नाही इतक्या उंचीवर असावा.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे