पट्टा काढून घेणारे सर

महोदय,

माझी मुलगी नऊ वर्षांची. आधीच्या कराटे क्लासमध्ये दर तीन महिन्यांनी परीक्षा असायची, तिची फी वेगळी, आणि नापास कुणीच व्हायचं नाही. वर्षभरात पोरीच्या कमरेला हिरवा पट्टा आला. मग घर बदललं, क्लासही बदलला. नव्या सरांनी पहिल्याच दिवशी तिचा पट्टा घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणाले, "जपून ठेवा, लागेल." पोरगी रडली. मीही चिडलोच, खोटं कशाला सांगू!

सर आणि त्यांच्या जोडीला शिकवणाऱ्या ताई, दोघंही दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर येतात. ताई खडूने खांद्याइतक्या अंतरावर दोन समांतर रेघा मारतात. पुढचा पाय एका रेघेवर, मागचा दुसऱ्या. दोन्ही पाय एकाच रेघेत आले की त्या खांद्याला बोटभर धक्का देतात आणि मूल डगमगतं. सांगायची गरजच उरत नाही. चार महिने झाले, अजून 'हेआन शोदान' हा एकच काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची मालिका, चालू आहे. हालचाली अवघ्या 21.

टोकियोनंतर 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमधून कराटे वगळलं गेलं, तरी गल्लोगल्ली क्लासचे फलक वाढतच आहेत. प्रशिक्षक कुठे, कुणाकडे शिकला, हे प्रत्येक क्लासबाहेर लिहिणं क्रीडा खात्याने सक्तीचं करावं, एवढीच विनंती. हिरवा पट्टा अजून कपाटातच आहे.

— एक पालक, नाशिक