प्रशिक्षणाआधी अंगणवाडीत येऊन बसा

मा. संपादक,

अंगणवाडी सेविकांचे आणखी एक प्रशिक्षण आमच्या तालुक्यात नुकतेच पार पडले. दिवसभर स्लाइड, दुपारी जेवण, शेवटी सह्या आणि ग्रुप फोटो. विषय पुन्हा पोषण ट्रॅकर! अंगणवाडीतल्या मुलांच्या वजन-उंचीची नोंद ठेवणारे हे सरकारी ॲप २०२१ पासून आहे, त्यात माहिती कशी भरायची ते बहुतेकींना पाठ झाले आहे. त्या अडतात बाळ मोजताना.

दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवे झोपवून घ्यायची असते. रडणारे बाळ पाय आखडते, गुडघे सरळ होत नाहीत, तळवा लांबी मोजायच्या फळीला टेकत नाही. सेविकेने डोके धरायचे की पाय? एक-दोन सेंटिमीटर चुकले, तरी धडधाकट मूल खुजे ठरू शकते, किंवा खरोखर खुजे असलेले नजरेतून सुटते. हे स्लाइड पाहून कसे जमणार?

फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीने १९७५ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी प्रशिक्षणाची जी पद्धत बांधली, तिची पहिली पायरी गरज तपासण्याचीच होती. आपल्याकडे मात्र आधी तारीख ठरते, मग विषय.

प्रशिक्षकांनी आधी दोन-चार अंगणवाड्यांत वजन-उंचीच्या दिवशी बसावे. मग निम्मा वेळ खऱ्या बाळांवर, आयांना सोबत घेऊन सराव ठेवावा. दोन सेविकांनी एकच बाळ वेगवेगळे मोजून आकडे ताडून पाहावेत. महिन्याभराने अंगणवाडीत जाऊन पुन्हा तपासावे. विद्यापीठांच्या गृहविज्ञान आणि शिक्षणशास्त्र विभागांनाही या आखणीत घ्यावे. पुढच्या प्रशिक्षणाचे वेळापत्रक छापण्याआधी एवढे व्हावे, ही कळकळीची विनंती.

– एक अंगणवाडी पर्यवेक्षिका